चार तालुक्यांचं देऊळ

कोलकात्यात लालबाजारच्या पोलिस मुख्यालयामागच्या गल्ल्यांतून अर्धा-पाऊण तास चाललं की सहा 'चर्च' लागतात आणि त्यांतल्या एकावरही क्रूस दिसत नाही. तुंग ऑन चर्च, सी इप चर्च, गी हिंग चर्च, नाम सून चर्च, सी वोई चर्च, चूंग ये थोंग. लाल रंगाचे दरवाजे, सोनेरी चिनी अक्षरं, उदबत्त्यांच्या धुरानं काळवंडलेली तुळवटं. आत कुठे क्वान ती हा युद्धदेव बसलेला, कुठे करुणेची देवी क्वान यिन. पुढ्यात वाडग्यात संत्री, आणि बांबूच्या नळकांड्यात कौल लावायच्या काड्या. नळकांडं हलवायचं, जी काडी बाहेर पडेल तिच्यावरचा आकडा बघायचा आणि त्या आकड्याचा कागद वाचायचा. कोकणातल्या देवळात कौल लावून आलेल्या माणसाला यात काही परकं वाटणार नाही.

'चर्च' हे नाव इंग्रजी अमलातलं. मशीद नाही, हिंदू देऊळही नाही, मग कागदोपत्री चर्च. चिनी माणसाच्या लेखी मात्र ही वास्तू देवळाहून बरंच काही अधिक होती. बोटीतून उतरलेल्या नव्या माणसाला पाठ टेकायला जागा इथं मिळायची, पत्र लिहून देणारा इथं भेटायचा, उसने पैसे इथून मिळायचे आणि मेल्यावर मातीची सोयही इथूनच व्हायची. धोबीतलावला गोव्याच्या खलाशांनी गावागणिक उभारलेले 'कूड' ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे चटकन उमगेल. खाली राहण्या-बसण्याची सोय, वर देव, आणि दाराशी आपल्या गावचं नाव.

सी इप हे असंच गावचं नाव. त्याचा अर्थ 'चार तालुके'. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात तोइसान, सुनवुई, होइपिंग आणि यानपिंग असे चार शेजारी तालुके आहेत. जमीन खडकाळ, माणसं जास्त, समुद्र जवळ. सोन्याच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले चिनी बहुसंख्येनं इथलेच. त्यांचे काही भाऊबंद पूर्वेला न जाता पश्चिमेला वळले आणि हुगळी नदीच्या मुखातून आत शिरले. छत्तावाला गल्लीतलं सी इप चर्च त्यांचं. आजची इमारत १९०५ सालची.

या मोहल्ल्याचं नाव मात्र चिनी नाही, बंगालीही नाही. बंगाली माणूस 'टेरिटी बाजार' म्हणतो. त्या उच्चारामागे एदुआर्दो तिरेत्ता नावाचा व्हेनिस प्रांतातला एक गृहस्थ दडलेला आहे. ट्रेव्हिसो गावचा हा माणूस मायदेशातून पळाला, पॅरिसला कॅसानोव्हाच्या मैफलीत वावरला (कॅसानोव्हाच्या आठवणींतला तिरेत्ता तो हाच, असं मानलं जातं) आणि अखेर कोलकात्यात कंपनी सरकारच्या नोकरीत रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक झाला. १७८० च्या दशकात त्यानं इथं बाजार वसवला. पुढे त्याचं दिवाळं निघालं आणि देणी फेडण्यासाठी अख्खा बाजार लॉटरीत काढण्यात आला. मालक बदलले तरी नाव टिकलं. इटालियन माणसाच्या नावाच्या बाजारात, इंग्रजांच्या शहरात, बंगाली वस्तीच्या कडेला चिनी माणसं राहायला आली.

त्यांतला पहिला कोण, याबद्दल कोलकात्याच्या चिनी समाजात दुमत नाही. यांग ताई चाव, कंपनीच्या कागदांत तोंग अच्यू. १७७८ च्या सुमारास तो बंगालात आला. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला हुगळीच्या काठी, बजबजच्या खाली, सालिना ४५ रुपये खंडानं ६५० बिघे जमीन दिली. आख्यायिका सांगते की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत घोड्यावरून जेवढी जमीन पालथी घालशील तेवढी तुझी, असं लाटसाहेब म्हणाला. आख्यायिका बाजूला ठेवली तरी जमीन मिळाली हे खरं. अच्यूनं तिथं ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि चीनमधून करारानं मजूर आणले.

मजूर टिकेनात. कोलकात्यात असलेले काही चिनी, जहाजांवरून पळून आलेले खलाशी वगैरे, त्यांना फूस लावून शहरात नेत. अच्यूनं कंपनीकडे तक्रार केली आणि १७८१ मध्ये कंपनीनं त्याच्या बाजूनं जाहीर नोटीसही काढली. तिचा उपयोग फारसा झाला नसावा. दोनच वर्षांत अच्यू वारला, कारखाना बसला, मजूर पांगले आणि बहुतेकांनी शहराची वाट धरली. नदीकाठच्या त्या गावाला अच्यूचं नाव चिकटलं ते आजतागायत. गाव अचीपूर. म्हणजे कोलकात्याचं चायनाटाउन एका बुडालेल्या साखर कारखान्यातून जन्माला आलं.

पुढची पन्नास-साठ वर्षं वस्ती मुंगीच्या पावलानं वाढली. १८३७ च्या शिरगणतीत शहरात ३६२ चिनी भरले. बहुतेक पुरुष, बहुतेक सुतार आणि चांभार. बायका-मुलं चीनमध्ये, इथं कित्येकांनी स्थानिक स्त्रियांशी संसार मांडले. या माणसांचं पहिलं नीटसं वर्णन १८५८ मध्ये 'कलकत्ता रिव्ह्यू'त छापून आलं. लिहिणारा चॅलोनर अलाबास्टर, विशीतला तरुण इंग्रज दुभाषा. तो कोलकात्यात कशासाठी आला होता, ती हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दुसऱ्या अफू युद्धात इंग्रजांनी कँटन घेतलं आणि जानेवारी १८५८ मध्ये तिथला चिनी सुभेदार ये मिंगचेन याला पकडलं. लाखो माणसांवर हुकमत चालवलेल्या या अधिकाऱ्याला जहाजात घालून कोलकात्याला आणण्यात आलं. त्याच्याशी बोलायला दुभाषा हवा म्हणून अलाबास्टर सोबत आला. ये मिंगचेनला आधी फोर्ट विल्यममध्ये ठेवलं. त्याच किल्ल्यात तेव्हा अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह कैदेत होता. कंपनीनं राज्य बुडवलेला एक आणि कंपनीच्या देशाशी लढून हरलेला दुसरा, दोघेही एका तटबंदीत. त्याच वर्षाच्या अखेरीस बहादूरशहा जफरला कोलकात्याच्याच नदीतून रंगूनला रवाना केलं गेलं. ये मिंगचेन मायदेशी परतला नाही. एप्रिल १८५९ मध्ये तो कोलकात्यातच गेला. साहेबाच्या कैदेतला सुभेदार आणि बाजारातले सुतार-चांभार, एकाच शहरातल्या या दोन टोकांच्या चिनी माणसांमध्ये अलाबास्टर वावरत होता. त्याच्या लेखाला म्हणून वजन आहे.

युद्ध ज्या अफूसाठी झालं ती अफू याच शहरातून जायची. पाटणा आणि बनारसची अफू कोलकात्यात लिलावात निघे, माळव्याची मुंबईहून जहाजात चढे. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंसारख्यांची घराणी या चीन-व्यापारावर उभी राहिली. त्याच्या झळा ज्यांना लागल्या त्यांच्याबद्दल हिंदुस्थानात फार थोडे बोलले. वीस वर्षांचा रवींद्रनाथ १८८१ मध्ये 'भारती' मासिकात बोलला. चीनमधल्या या मरणाच्या व्यापारावर त्यानं थेट लेख लिहिला. जोडासाँको हे ठाकुरांचं घर टेरिटी बाजारापासून ज्या रस्त्यावर पायी गाठता येतं, त्याला आज रवींद्र सरणी म्हणतात.

कोलकात्यात हे घडत असताना इकडे महाराष्ट्रात चिनी माणूस प्रथम कुठे राबला, हे शोधायला गेलं तर पाय महाबळेश्वरला वळतात. सिंगापूर-पेनांगकडच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेल्या चिनी आणि मलायी कैद्यांना इथं आणत. १८३४ ते १८६४ असा त्यांचा तुरुंग तिथं होता. त्यांनी रस्ते केले, वेताच्या आणि बांबूच्या टोपल्या विणल्या, बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले आणि ते कसब आसपासच्या माणसांना शिकवलं. 'चायनामन्स फॉल' नावाच्या धबधब्यापाशी फोटो काढणाऱ्या पर्यटकांपैकी कितीजणांना ठाऊक असतं की ते नाव या कैद्यांच्या मळ्यावरून पडलं?

कोलकात्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसं झपाट्यानं वाढली. बाहेरच्याला ते सगळे 'चिना' दिसत, आपसांत मात्र ते एकमेकांची बोलीही समजत नसत. कँटनी लोक सुतार. गोदीतलं जहाजांचं लाकूडकाम आणि साहेबांच्या बंगल्यांतलं फर्निचर त्यांच्याकडे. हुपे प्रांतातले दाताचे डॉक्टर, आणि कागदी फुलं करून विकणारेही तेच. परीटकाम शांघायकडच्यांचं. आणि हाक्का. हाक्का या शब्दाचा अर्थच 'पाहुणे'. उत्तरेकडून शतकांपूर्वी दक्षिणेत आलेले, चांगली जमीन आधीच्यांनी बळकावलेली म्हणून डोंगराळ भागात राहिलेले. स्वतःच्या देशातही जे पाहुणेच ठरले, ते कोलकात्याला येऊन जोडे शिवायला बसले. बेंटिंक स्ट्रीटवरची चिनी जोड्यांची दुकानं त्यांची. हाक्का बायकांनी पुढे ब्युटी पार्लरं काढली आणि दोन पिढ्यांच्या बंगाली मुलींनी लग्नाआधी केस त्यांच्याकडे कापून घेतले.

पण हाक्कांचा खरा धंदा कातड्याचा, आणि त्यासाठी ते बाजारातून उठून शहराच्या पूर्वेला, धापाच्या दलदलीकडे गेले. जागेचं नाव टँग्रा. हे बंगालातल्या एका माशाचंही नाव आहे. १९१० च्या आसपास तिथं चामडं कमावायला सुरुवात झाली. कातडं कमावणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं अवघड. मिठात मुरलेलं कच्चं कातडं आधी धुवायचं, मग चुन्याच्या हौदात बुडवून केस सोडवायचे, आतलं मांस सुरीनं खरवडायचं, मग साल आणि पुढच्या काळात क्रोमचं पाणी पाजायचं, ताणायचं, वाळवायचं, घोटायचं. वास अंगाला आणि घराला कायमचा. हिंदू समाजानं हे काम ज्यांच्या माथी मारून त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या शेजारी येऊन हाक्का बसले. त्यांना जातीचा विटाळ माहीत नव्हता. बाकी शहर ज्या कामाकडे नाक दाबून बघत होतं, त्यात त्यांनी भांडवल घातलं. बिहारमधून आलेले चांभार आणि मुसलमान कामगार त्यांच्याकडे राबले. दोन महायुद्धांनी बुटांची आणि पट्ट्यांची मागणी वाढवली. बघता बघता टँग्रात तीनशेच्या घरात टॅनऱ्या झाल्या. उंच भिंती, लोखंडी दरवाजे, खाली हौद आणि यंत्रं, वर कुटुंब. मुंबईकराला जुन्या धारावीची आठवण व्हावी अशी ही वस्ती. शहरानं तीही तशीच खाडीकडेला लोटली होती. पेई मेई नावाची चिनी शाळा टँग्रात निघाली. एका झाडाखाली शेंदूर फासलेल्या काळ्या दगडांना बंगाली शेजारी काली म्हणून पूजत. चिनी कुटुंबं त्या पूजेत सामील झाली आणि पुढे त्यांनीच तिथं देऊळ बांधलं. आजही त्या कालीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात.

जुन्या मोहल्ल्यात दरम्यान वेगळाच रंग होता. तुंग ऑन चर्चच्या खालच्या मजल्यावर १९२० च्या दशकात नानकिंग रेस्टॉरंट सुरू झालं. शहरातली प्रतिष्ठित माणसं, सिनेमातले तारे तिथं जेवायला येत. गणेशचंद्र ॲव्हेन्यूवर त्याच काळात ओ च्यू उघडलं. ते चौथ्या पिढीच्या हाती आजही चालू आहे. मधोमध धुराडं आणि निखारे असलेल्या पितळी भांड्यातलं तिथलं 'चिमणी सूप' खायला जुने कोलकातेकर अजून जातात. बाहेरच्या जगानं मात्र या मोहल्ल्याची अफूचे अड्डे आणि जुगार अशीच ओळख करून घेतली. अड्डे होते, हे खरं. अफू मात्र सरकारी मक्त्याची होती, आणि ती विकून सरकार गब्बर झालं होतं, हे सांगायला हवं.

आणि मग १९६२.

त्याआधीचं दशक 'हिंदी-चिनी भाई भाई'चं होतं. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीना भवन होतं. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांनी चीनच्या युद्धात सैनिकांवर उपचार करता करता प्राण सोडला, त्याला वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा चित्रपट लोकांनी डोळे पुसत पाहिला होता. २० ऑक्टोबर १९६२ ला सीमेवर युद्ध पेटलं आणि दहाच दिवसांत दिल्लीनं एक वटहुकूम काढला. भारताशी युद्ध करणाऱ्या देशाचे जे नागरिक असतील किंवा ज्यांचे आईबाप, आजी-आजोबा कधीकाळी तसे असतील, त्यांना परकीय मानता येईल. आजोबा चीनमध्ये जन्मले एवढा गुन्हा पुरेसा होता. नातवाचा जन्म आसामचा असो की कोलकात्याच्या बहुबाजारचा, तो हिंदी बोलो की बंगाली.

१९ नोव्हेंबरला आसामातल्या माकूम गावच्या चिनी वस्तीत पोलिस शिरले. चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी आणलेल्या कामगारांचे हे वंशज. कित्येकांच्या आया आसामी, आदिवासी. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांना बाहेर काढलं. युद्ध थांबायला तेव्हा दोन दिवस उरले होते. दार्जिलिंग, कालिम्पोंग, शिलाँग इथूनही माणसं उचलली, कोलकात्यातूनही काहींना नेलं. बंद आगगाडीतून त्यांना राजस्थानात टोंक जिल्ह्यातल्या देवळी इथं नेण्यात आलं. प्रवास सात दिवसांचा. वाटेत गाडी शत्रूची म्हणून ओळखली जाई आणि स्टेशनांवर दगड येत. सुमारे तीन हजार माणसं, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत.

देवळीचं नाव मराठी वाचकाच्या कानावरून पूर्वी गेलेलं आहे. १९४०-४१ मध्ये इंग्रजांनी श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे, एस. व्ही. घाटे यांना विनाचौकशी इथंच डांबलं होतं. जयप्रकाश नारायणही तिथंच होते. राजबंद्यांनी उपोषण केलं, देशभर गदारोळ झाला आणि छावणी मोडली. वीस वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारनं तीच छावणी पुन्हा उघडली. या वेळी आतल्या माणसांचं नाव घेणारं बाहेर कोणी नव्हतं. कोणावर आरोप ठेवला गेला नाही, खटला चालला नाही. काहीजण तिथं पाच वर्षांपर्यंत राहिले. १९६३ मध्ये चीन सरकारनं जहाजं पाठवली आणि दोन हजारांहून जास्त माणसं मद्रासहून चीनला निघून गेली. त्यांच्यातल्या अनेकांनी चीन त्याआधी पाहिलाही नव्हता. जे मागे राहिले ते सुटून गावी परतले तर घरादाराचा 'शत्रूची मालमत्ता' म्हणून लिलाव झालेला.

या छावणीबद्दल चाळीसेक वर्षं कोणी काही बोललं नाही. रीता चौधरींची 'माकाम' ही आसामी कादंबरी २०१० मध्ये आली आणि आसामला धक्का बसला. २०२० मध्ये जॉय मा आणि मुंबईचे दिलीप डिसूझा यांनी मिळून 'द देवलीवालाज' हे पुस्तक लिहिलं. जॉय मा यांचा जन्मच देवळीच्या छावणीतला. ज्यांनी ते भोगलं त्यांनी सरकारकडे मागितलं ते एवढंच, की चूक झाली असं एकदा म्हणावं. ते अद्याप कोणी म्हटलेलं नाही, आणि ही गोष्ट खुपण्यासारखी आहे.

कोलकात्याचे बहुतेक चिनी देवळीला गेले नाहीत. तुरुंग त्यांच्या घरापर्यंत आला. शहराबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी, ठरलेल्या दिवशी चौकीत हजेरी, दरवर्षी परकीय म्हणून नोंदणी. नोकऱ्या गेल्या, गोदीतलं काम गेलं, चिनी बँक बंद झाली. सुतार, खलाशी, कारकून बेकार झाले. त्याच सुमारास सुधार ट्रस्टच्या रस्त्यांनी जुन्या मोहल्ल्याच्या पोटातून वाट काढली, जुनी घरं पडली आणि पोद्दार कोर्टसारखी उंच इमारत उभी राहिली. दोन्ही गोष्टींचा परस्पर संबंध कागदावर नसेल. पण ज्याचं घर पडलं त्याला तक्रार करायला तोंड नव्हतं, हेही तितकंच खरं. माणसं निघाली. टोरंटो, व्हिएन्ना, सिडनी. एकेकाळी शहरात वीस हजारांच्या आसपास चिनी होते असं सांगतात. आज जेमतेम दोन हजार असतील.

टँग्रा आणखी काही वर्षं तगलं. मग १९ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं कोलकात्याच्या टॅनऱ्या शहराबाहेर बंतला इथं हलवायचा हुकूम दिला. कारण योग्य होतं. क्रोमचं विषारी पाणी पूर्वेकडच्या पाणथळीत जात होतं आणि त्याच पाणथळीतली मासळी नि भाजी शहर खात होतं. पण तीन पिढ्या ज्या हौदांवर जगल्या ते सोडून पुन्हा जागा घ्या, भांडवल घाला, हे कित्येक म्हाताऱ्या मालकांना झेपलं नाही. मुलं आधीच कॅनडात. काहींनी टॅनरीच्या आवारात टेबलं मांडली आणि हॉटेलं काढली. एका पिढीत टँग्राचा वास बदलला. कातड्याच्या जागी लसूण आणि सोया सॉस.

या स्वयंपाकाला चीनमध्ये ओळखणारं कोणी नाही, कारण तो इथं जन्मला. मराठी माणसाच्या ओळखीचा मात्र तो चांगलाच आहे. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर कढईत जो भडका उडतो, त्याची वाट कोलकात्याहून येते. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईला आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरव्या मिरच्या अशी इथली फोडणी घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं आणि त्याला चिकन मंचुरियन म्हटलं, असं ते स्वतः सांगत. मांचुरियाशी त्या पदार्थाचा काही संबंध नाही. तो आता जळगावच्या लग्नात कोबीचा होऊन वाढला जातो, आणि चायनीज भेळ तर शाळकरी मुलांना आपल्या ओल्या भेळेइतकीच घरची वाटते.

मुंबईतही चिनी होते. कामाठीपुऱ्यातल्या शुक्लाजी स्ट्रीटला लोक चायनाटाउन म्हणत. गोदीजवळ माझगावला नवाब टँक रोडवर एका साध्या घराच्या वरच्या मजल्यावर १९१९ सालचं चिनी देऊळ आहे. लाल भिंती, त्याच क्वान तीची मूर्ती, कौलाच्या काड्या. खलाशांनी उभारलेलं. एक चिनी कुटुंब ते सांभाळतं आणि चिनी वर्षाच्या पहिल्या रात्री मुंबईतले उरलेसुरले चिनी तिथं जमतात. देवळाचं नाव 'सी युप कून'. छत्तावाला गल्लीतल्या 'सी इप'चीच ही अक्षरं. मुंबईच्या जिभेवर थोडी वेगळी बसली इतकंच. चार तालुक्यांची माणसं दोन्ही बंदरांत उतरली आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी दारावर तेच नाव लिहिलं.

टेरिटी बाजार आज पाहायचा तर रविवारी पहाटे साडेपाचला पोद्दार कोर्टपाशी पोचावं लागतं. मोदकपात्रासारख्या थरांच्या भांड्यांतून वाफ येत असते. डुकराचं मांस भरलेले पांढरे बाव, शुमाई, माशांच्या गोळ्यांचं सूप, तीळ लावून तळलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, लाल चिनी सॉसेजच्या माळा. विकणाऱ्यांत चिनी चेहरे दरवर्षी कमी होतात, शिकून घेतलेले इतर हात वाढतात. आठ वाजेस्तोवर सगळं संपतं आणि त्याच जागी भाजीवाले आणि हातगाड्या येतात. नानकिंग १९७० च्या दशकात बंद पडलं. पेई मेई शाळा विद्यार्थ्यांअभावी मिटली. १९६९ पासून निघणारं 'सेओंग पाव' हे चिनी दैनिक २०२० मध्ये थांबलं. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानला चकमक झाली तेव्हा टँग्रातले चिनी भारतीय सैन्याच्या पाठिंब्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. आपण इथलेच आहोत हे सांगायची वेळ त्यांच्यावर अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा आली.

चिनी नववर्षानंतरच्या रविवारी शहरातून गाड्या भरून अचीपूरला निघतात. टोरंटोला गेलेल्यांतलेही काही त्या सुमारास मुद्दाम येतात. नदीच्या काठावर, घोड्याच्या नालासारखी, लाल रंगाची अच्यूची समाधी आहे. थोड्या अंतरावर 'चिनामनतला'. तिथं पृथ्वीदेव आणि पृथ्वीदेवी, बंगाली लोक त्यांना खुदा-खुदी म्हणतात. त्याच आवारात सुंदरबनच्या वाघांचा स्वामी दक्षिणराय याचंही ठाणं आहे, आणि चिनी त्यालाही उदबत्ती लावतात. समाधीपुढे भाजलेलं डुक्कर, कोंबडी, फळं ठेवतात, दारूचे छोटे पेले ओततात, लाल मेणबत्त्या पेटवतात, कागदी पैसे जाळतात. फटाके वाजतात. मग झाडाखाली चटया अंथरून डबे उघडतात. दुपार कलली की गाड्या परत फिरतात आणि देवळाची देखभाल पुढल्या वर्षापर्यंत गावातल्या बंगाली माणसांकडे राहते.